होते तसे करून द्या

स्वतःच्या हातांच्या कसबावर पोट भरणाऱ्या माणसास ग्राहकाच्या तोंडून जी वाक्ये ऐकावी लागतात, त्यांपैकी "पैसे परत करा" हे वाक्य आम्हांस फारसे भयंकर वाटत नाही. पैसे मोजता येतात, आणि जे मोजता येते ते परतही करता येते. खरे भय आहे ते "आमची वस्तू होती तशी करून द्या" या वाक्याचे. शिंप्याने कापडास कात्री लावली, सुताराने जुन्या दाराची चौकट उतरविली, घड्याळ दुरुस्त करणाराने आतली चाके सुटी केली, की ती वस्तू 'होती तशी' राहिलेली नसते. काम उत्तम झाले तर ही गोष्ट कोणाच्या ध्यानीही येत नाही. काम बिघडले, किंवा बिघडले असे वाटले, म्हणजे मात्र ग्राहकास पूर्वीची ती वस्तू एकाएकी अतिशय सुंदर दिसू लागते.

आमचा धंदा पुस्तके बांधण्याचा. पुण्याच्या जुन्या वस्तीत, दोन माणसे दाटीने बसतील एवढ्या जागेत, एक दाबयंत्र, खळीचे पातेले, पुठ्ठ्यांची चवड आणि दोऱ्याची रिळे यांच्या संगतीत आमची बरीच वर्षे गेली. या धंद्यात तक्रारी यावयाच्याच. त्या कशा ऐकाव्या, कोणत्या मान्य कराव्या व कोणत्या करू नयेत, याचे शास्त्र कोणी लिहून ठेवलेले नाही. परंतु त्याविषयी विचार करण्यास आम्हांस पुष्कळ संधी मिळाली आहे, आणि त्या विचारांत वाचकांस सहभागी करून घ्यावे असे वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहो.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. दुकानदाराने विकलेला पंखा बिघडला तर तो दुसरा पंखा देऊन मोकळा होतो, कारण पंखा त्याचाच होता व त्यासारखे शंभर त्याच्या कोठारात आहेत. आमच्यासारख्या कारागिराकडे येणारी वस्तू मुळात ग्राहकाची असते व बहुधा एकुलती एक असते. १८७२ सालच्या करारविषयक कायद्याने हा भेद चांगला ओळखला आहे. दुसऱ्याची वस्तू विशिष्ट कामासाठी ताब्यात घेणाऱ्याने, सामान्य विवेकाचा मनुष्य आपल्या स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी तिची घ्यावी, असे त्या कायद्याचे १५१ वे कलम सांगते. १७० वे कलम कारागिराचा कैवार घेते. वस्तूवर त्याने ठरल्याप्रमाणे श्रम व कसब खर्च केले असेल तर, उलट करार नसल्यास, मोबदला हाती पडेपर्यंत त्याने ती अडकवून ठेवावी, अशी त्यास मुभा आहे. त्याखाली दिलेली उदाहरणे तर एखाद्या गोष्टीतील शोभावी अशी आहेत. खडबडीत हिऱ्यास पैलू पाडून देणाऱ्या जवाहिऱ्यास मजुरी मिळेपर्यंत तो हिरा ठेवून घेता येतो. परंतु कोट शिवून होताच देईन आणि तीन महिन्यांची उधारीही देईन, असे कबूल करून बसलेल्या शिंप्यास तो कोट अडविता येत नाही.

कायदा असा समतोल आहे. आपल्या प्राचीनांचा कल मात्र उघडपणे ग्राहकाकडे होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची प्रत १९०९ साली शामशास्त्री यांनी म्हैसुरास छापून प्रसिद्ध केली. तिच्यातील चौथ्या अधिकरणाचा आरंभच 'कारुकरक्षण' या प्रकरणाने होतो. नाव वाचून कारागिरांचे रक्षण सांगितले असेल अशी आशा एखादा भोळा कारागीर करील. पण तेथे प्रजेचे कारागिरांपासून रक्षण कसे करावे हे सांगितले आहे! ठरलेली वेळ चुकविणाऱ्याची पाव मजुरी कापावी व वर दुप्पट दंड करावा. सांगितले त्याहून वेगळे काम करणाऱ्याची सगळीच मजुरी बुडवून दंड करावा. परिटाने कपडे धुवावे ते लाकडी फळीवर किंवा गुळगुळीत दगडावरच धुवावे, अशी ती बारीक दृष्टी आहे. तथापि त्याच प्रकरणात, काम करावयाचे ते स्थळ, काळ व स्वरूप ठरवून करावे असेही म्हटले आहे, आणि आमच्या मते सगळ्या प्रकरणाचे मर्म तेवढ्यातच आहे. तंटा उत्पन्न होतो तो बहुधा काम करताना होत नाही. काम ठरविताना होतो, आणि पुढे कित्येक महिन्यांनी उघडकीस येतो.

जुन्या खेड्यातील बलुतेपद्धतीत हा तंटा निराळ्या रीतीने मिटत असे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा' या ग्रंथात बलुतेदारांचे सविस्तर वर्णन आहे. सुताराने नांगर नीट करावा व सुगीच्या वेळी खळ्यावर आपले धान्य न्यावे, असा तो व्यवहार. नांगर पुन्हा मोडला तर पुन्हा नीट करावयाचा. प्रत्येक खेपेचे वेगळे मोल नव्हते. असंतुष्ट कुणब्याने बलुत्याचा हात आखडता घ्यावा आणि नाराज सुताराने पेरणीच्या तोंडावर चालढकल करावी, एवढीच दोघांची शस्त्रे. त्या पद्धतीत अन्याय पुष्कळ होता, आणि तो विशेषेकरून ज्यांच्या वाट्यास हलके मानलेले काम आले त्यांस सोसावा लागला. ती गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. परंतु एक गोष्ट तीत होती. पैसे चुकते झाले म्हणजे संबंध संपला, असे तेथे कधी होत नसे. शहरात तसे होते. मजुरी हातावर पडली, पावती फाटली, की दोघेही एकमेकांस परके. आणि म्हणून तक्रार घेऊन येणारा ग्राहक आधीच मनाशी धरून चालतो की हा मनुष्य आता आपल्यास ओळख दाखविणार नाही. त्याचा आवाज चढलेला असतो तो पुष्कळदा या भीतीमुळे.

असाच चढलेला आवाज आम्ही काही वर्षांपूर्वी एका आश्विनात ऐकला. सेवानिवृत्त शिक्षिका असलेल्या एक वृद्ध बाई तीन जाड खंड पिशवीत घालून आल्या आणि दुकानात दुसरे दोन ग्राहक असताना त्यांनी ते खंड आमच्या पुढ्यात ठेवले. एका जुन्या मासिकाचे १९२८ पासूनच्या तीन वर्षांचे ते अंक आम्हीच त्या ज्येष्ठात बांधून दिले होते. आता त्यांतील पाने सुटून बाहेर येत होती.

"हे तुमचे काम," बाई म्हणाल्या. "चार महिने झाले नाहीत. माझ्या वडिलांचे अंक आहेत हे. मला पैसे परत नकोत. होते तसे करून द्या."

अशा वेळी कारागिराच्या मनात दोन उत्तरे तयार असतात. "आमच्या कामात दोष नाही" हे एक, आणि "बरे, ठेवून जा, पाहू" हे दुसरे. पहिल्यात गर्व आहे व दुसऱ्यात चुकवाचुकव. दोन्ही उत्तरे वस्तू न पाहता दिलेली असतात, एवढे त्यांत साम्य आहे. आमचा नियम असा की, तक्रार आलेली वस्तू ग्राहकाच्या देखतच उघडून पाहावयाची आणि पाहून होईपर्यंत दोष कोणाचा हा शब्द काढावयाचा नाही. पाहणे म्हणजे दोष पत्करणे नव्हे. पुष्कळ कारागीर या भीतीने पाहावयासच तयार होत नाहीत, आणि ग्राहक त्यावरून नेमका तोच निष्कर्ष काढतो.

आम्ही बाईंस बसावयास स्टूल दिले व पहिला खंड उघडला. दोरा शाबूत होता, गाठी शाबूत होत्या, पाठीवरचा सरस धरून होता. पाने सुटली होती ती शिवणीतून सुटली नव्हती. शिवणीपासून बोटभर अंतरावर कागदच सरळ रेषेत तुटला होता. मागल्या एका कोऱ्या पानाचा कोपरा दुमडून पाहण्याची आम्ही बाईंची परवानगी मागितली. तो एकदा पुढे दुमडला, एकदा मागे दुमडला, आणि दुसऱ्या दुमडीस हातात आला. "चांगला कागद हे कितीतरी वेळा सोसतो," आम्ही म्हणालो. बाईंनी तो तुकडा आपल्या तळहातावर घेतला व बराच वेळ पाहिला.

हा कागदाचा रोग आहे, आणि तो घरोघरच्या कपाटांत असल्यामुळे त्याविषयी दोन शब्द सांगणे अस्थानी होणार नाही. आपल्याकडील जुन्नरी व दौलताबादी हातकागद चिंध्या, ताग अशा लांब धाग्यांच्या मालापासून होत असे; त्यावर लिहिलेले पेशवाईतील कागद आजही बिनधोक उलगडता येतात. पुढे छपाई वाढली, चिंध्या पुरेनात, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून लाकडाच्या लगद्याचा कागद प्रचारात आला. शाई फुटू नये म्हणून कागदास राळ व तुरटी यांची खळ देण्याची युक्ती मोरित्स इलिग या जर्मनाने १८०७ साली प्रसिद्ध केली होती. ती स्वस्त असल्यामुळे यंत्राच्या कागदास सर्वत्र लागू झाली. या तुरटीमुळे कागदात आम्लता राहते. ती आम्लता उष्णतेच्या व दमटपणाच्या साहाय्याने कागदाचे तंतू वर्षानुवर्षे आतून तोडीत असते. लाकूड नुसते दळून केलेला लगदा असला तर कागद पिवळा पडतो तो निराळाच. असा कागद पाहावयास धड दिसतो. पण वाकविला की मोडतो. त्यास कितीही बळकट दोऱ्याने शिवले तरी दोरा टिकतो व पान तुटते.

यावर उपाय नाही असे नाही. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला पातळ जपानी कागद मिळतो. त्याच्या बारीक पट्ट्या गव्हाच्या खळीने प्रत्येक तुटक्या घडीस लावल्या, म्हणजे वाकण्याचा ताण पट्टीवर येतो व मूळ पान वाचते. मात्र हे काम फार सावकाशीचे. साध्या बांधणीच्या तिप्पट-चौपट मजुरी त्यास पडते. पट्टी न लावता करावयाचे असेल, तर घड्या तुटून सुटी झालेली पाने थोडी थोडी एकत्र घेऊन कडेने शिवावी लागतात. असा खंड कपाटात नीट उभा राहतो. पण तो वारंवार उघडावयाचा नसतो.

हे सर्व आम्ही ज्येष्ठात सांगितले होते. परंतु बाईंना सांगितले नव्हते, कारण त्या वेळी अंक घेऊन आले होते ते त्यांचे चिरंजीव. त्यांनी दोन्ही आकडे ऐकून घेतले व म्हणाले, "साधेच करा. नुसते कपाटात ठेवावयाचे आहेत, कोणी वाचणार नाही." कडा कापू नका, एवढे मात्र त्यांनी बजावले, व त्याप्रमाणे आम्ही सुरी लावली नव्हती. त्यांनी सांगितलेले सगळे आमच्या पावतीपुस्तकातील नकलेवर लिहिलेले होते, आणि ते पुस्तक आमच्या उजव्या हाताशीच पडले होते.

तंटा जिंकावयाचा असता तर तो त्याच क्षणी जिंकता आला असता. विकलेल्या मालासंबंधीच्या १९३० सालच्या कायद्यात असे एक तत्त्व आहे की, घेणाराने आपला उपयोग आधी सांगितला व विकणाराच्या ज्ञानावर भिस्त ठेवली, तर माल त्या उपयोगास योग्य असावयास पाहिजे. आमचे काम विक्रीचे नव्हे. परंतु तत्त्व पाहिले तर ते आमच्याच बाजूने होते. सांगितलेल्या उपयोगास आमची बांधणी योग्य होती. पण खंड चाळताना दर दोनचार पानांआड समासात पेन्सिलीने लिहिलेल्या बारीक ओळी दिसत होत्या, आणि बाई सांगत होत्या की, वडील हायस्कुलात मराठी शिकवीत, वाचताना सुचेल ते कडेला लिहून ठेवीत, "दुपारी जेवण झाले की मी रोज दहा पाने वाचते. त्यांच्याशी बोलल्यासारखे वाटते." कोणी वाचणार नाही असे जे मुलाने सांगितले होते, ते या बाईंविषयी सांगितले होते. पावती पुढे करणे म्हणजे आमच्यावरील आरोप उचलून त्यांच्या घरात नेऊन ठेवणे होते.

खोटे बोलावयाचे नव्हते, आणि खरे तर अंगावर फेकावयाचे नव्हते. आम्ही आधी उपायाविषयी बोललो. "होते तसे करणे कोणाच्याच हातचे नाही, बाई. हे अंक कपाटात नुसते पडून राहिले असते तरी पुढेमागे असेच तुटले असते. पण पहिले दोन खंड उसवून, जपानी कागदाच्या पट्ट्या लावून असे बांधता येतील की तुम्हांला रोज वाचता येतील. तिसऱ्याचा कागद शिवणीच्या पलीकडे गेला आहे. त्याची पाने क्रमाने लावून कापडी पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवू. जपानी कागदाचे पैसे तुम्ही द्या. मजुरीपैकी आधी दिलेली रक्कम वजा करू, आणि उरेल तिच्यातील निम्मी द्या."

बाई काही वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, "तुम्हांला इतके ठाऊक होते, तर पहिल्यांदा का सांगितले नाही?"

या प्रश्नास एकच उत्तर होते. आम्ही म्हणालो, "सांगितले होते. पावतीवर लिहिलेही आहे." आणि पावतीपुस्तक उघडून त्यांच्या हाती दिले. 'कागद ठिसूळ. घडीस पट्ट्या सुचविल्या, नकोत. वाचण्यासाठी नव्हे, ठेवण्यासाठी. कडा कापू नये.' खाली चिरंजिवांची सही होती. बाईंनी ते दोनदा वाचले. "वाचण्यासाठी नव्हे," एवढेच त्या हळू म्हणाल्या, आणि मग नेहमीच्या शिक्षिकेच्या आवाजात, "पूर्ण मजुरी घ्या." आम्ही सांगितलेलाच आकडा कायम ठेवला. पावती दाखवून झाल्यावर आकडा वाढविणे म्हणजे पावती विकण्यासारखे झाले असते.

काम पुरे होण्यास सात आठवडे लागले. न्यावयास आले ते चिरंजीवच. त्यांनी आम्हांस काही विचारले नाही व आम्हीही काही काढले नाही. मात्र तिसऱ्या खंडाची सुटी पाने पेटीत भरण्यापूर्वी त्यांनी ती दुकानात उभ्याउभ्याच एकेक करून मोजली, आणि मोजता मोजता कित्येक ठिकाणी थांबून समासातील ओळी वाचल्या. त्यानंतर त्या घरातून आमच्याकडे दुसरे काम आले नाही. चांगला शेवट म्हणजे ग्राहक पुन्हा येणे, असे जे मानतात त्यांना हा शेवट अपुरा वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. काही तंटे मिटतात ते असे की पुन्हा समोरासमोर येणे दोघांनाही नकोसे होते, आणि तरीही काम मात्र नीट झालेले असते.

प्रत्येक तक्रारीपुढे असेच नमावे, असे मात्र आमचे म्हणणे नाही. प्रबंध बांधून घेणारा एखादा विद्यार्थी स्वतःच्या हस्ताक्षरात नाव लिहून देतो, त्याबरहुकूम सोनेरी अक्षरे उठविली जातात, आणि मग विद्यापीठात दाखल करण्याच्या दिवशी त्यास आढळते की आपण एक अक्षर गाळले होते. तो येतो तेव्हा दोष बांधणाराचा असतो! तेथे आम्ही त्याचा कागद त्यास दाखवितो, आणि दुसऱ्या पुठ्ठ्याचे पैसे पुरते घेतो. अशा जागी दया दाखविली तर ती दया न राहता पुढच्या प्रत्येक विद्यार्थ्याचा हक्क होऊन बसते. दोष निखालस कारागिराचा असेल तर मागणी होण्याची वाट न पाहता काम पुन्हा करून द्यावे. ग्राहकाचा असेल तर मोल घ्यावे. आणि कोणाचाच नसेल, म्हणजे कागदाचा, लाकडाचा, हवेचा किंवा न बोललेल्या शब्दाचा असेल, तर भार वाटून घ्यावा. यांपैकी तिसरा वर्ग सर्वांत मोठा आहे, असा आमचा अनुभव.

शेवटी राहतो कायदा. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला व तो २०२० च्या जुलैपासून अमलात आला. सेवेतील उणिवेबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, आणि उभयतांची संमती असल्यास प्रकरण मध्यस्थीकडे सोपविण्याची सोयही त्यात आहे. ही सोय इष्टच आहे. निगरगट्ट माणसापुढे दुसरा इलाज नसतो. परंतु आयोगापुढे जाईल ते पावतीपुस्तक जाईल. समासातील पेन्सिलीच्या ओळी तेथे पोचणार नाहीत. दोनतीन हजारांच्या मजुरीसाठी दोन्ही पक्षांनी तारखा मोजीत बसण्यापेक्षा, वस्तू मध्ये ठेवून तासभर बोलणे बहुतेक वेळा स्वस्त पडते. हल्ली कित्येकजण बोलण्याचे तेवढेही कष्ट घेत नाहीत. दुकानाच्या पाटीचे छायाचित्र काढून भ्रमणध्वनीवरून चारशे लोकांस धाडतात व कारागिरास मात्र काही कळवीत नाहीत. अशांपेक्षा चढ्या आवाजाने का होईना, पण पिशवी घेऊन दारात येणारा ग्राहक आम्हांस शतपट बरा वाटतो. त्याने अजून आपल्यास परके मानलेले नसते.

आमच्या पावतीपुस्तकात 'कोणी आणले' या रकान्याशेजारी आता 'कोणाचे' असा एक रकाना आहे, आणि त्यापुढे 'कशासाठी' असा तिसरा. पुस्तक आणणारे पुष्कळजण या तिसऱ्या रकान्यापाशी अडतात. कोणी म्हणतात, "म्हणजे काय? बांधण्यासाठी." आम्ही लेखणी थांबवून पुन्हा विचारतो की, हे वाचणार कोण? मग कोणी घरी विचारून येतो म्हणतात, कोणी तेथूनच घरी बोलून घेतात. आणि या विचारपुशीत काम हातचे गेले असेही कधी कधी घडते. जाईनात का! रकाना रिकामा ठेवून घेतलेल्या कामापेक्षा, तो भरता न आल्यामुळे परत गेलेले काम कारागिरास अधिक सुखाने झोपू देते.